फुकट होस्टिंग की नव्व्याण्णव रुपयांचं? आधी सातबारा बघा

त्र्यंबक रोडला एका काकांचा होमस्टे आहे. चार खोल्या, मागे आंब्याची दोन झाडं, सकाळी नाश्त्याला मिसळ. त्यांच्या पुतण्याने एका फुकट सेवेवर त्यांना साइट करून दिली होती. पत्ता लांबलचक, त्यात त्या कंपनीचंच नाव मोठं, पण चालत होती. काकांनी तोच पत्ता हजार व्हिजिटिंग कार्डांवर छापला, गेटच्या फ्लेक्सवर लावला, रिक्षावाल्यांत वाटला. मग ऐन श्रावणी सोमवारच्या तोंडावर साइट उघडेना. बरेच महिने लॉगिन नाही म्हणून खातं बंद करतोय, असा मेल पुतण्याच्या जुन्या कॉलेजच्या ईमेलवर येऊन पडला होता. कॉलेज सुटलं तसा तो ईमेलही सुटला होता. काका माझ्याकडे आले ते कार्डांचा गठ्ठा हातात घेऊनच. "ताई, फुकट होतं म्हणून घेतलं. आता ही कार्डं गोदावरीत सोडू का?"

मी नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ बसून छोट्या धंद्यांच्या साइट करते. "फुकट घेऊ की विकत?" हा प्रश्न महिन्यातून चार वेळा तरी येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न म्हणजे डोमेन, अर्थात साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे. होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची जागा, हा भाड्याचा गाळा. आज मेन रोडला, उद्या गंगापूर रोडला. डोमेन हा सातबारा. तो तुमच्या नावावर असेल तर गाळा एका संध्याकाळी बदलता येतो. नसेल तर महागातलं होस्टिंगसुद्धा दुसऱ्याच्याच जमिनीवर उभं आहे.

पायरी १: आधी कागद घ्या

कागदावर एवढंच लिहा: साइटवर काय असेल, ते किती वेळा बदलेल, बदल कोण करेल, आणि साइट दोन दिवस बंद पडली तर नुकसान किती.

यातून एक गोष्ट शोधायची आहे. पान येणाऱ्या प्रत्येकाला सारखंच दिसणार आहे, की माणसागणिक बदलणार आहे? खोल्यांचे फोटो, दर, नकाशा, व्हॉट्सॲपचं बटण हे सगळ्यांना सारखंच दिसतं. अशा साइटला स्टॅटिक म्हणतात. सर्व्हरचं, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकाचं, काम चिवड्याचं तयार पाकीट उचलून देण्याएवढंच, म्हणून कंपन्यांना ते फुकट देणं परवडतं. वर्डप्रेस (साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर), ऑर्डर घेणारं दुकान, विद्यार्थ्यांना लॉगिन देणारा क्लास हे मात्र मिसळीसारखं. प्रत्येक गिऱ्हाइकाला प्लेट नव्याने लावायची. दरवेळी सर्व्हरवर पीएचपी ही प्रोग्रामची भाषा चालते, डेटाबेस म्हणजे माहितीचा साठा उघडतो, आणि त्या गॅसचं बिल कुणीतरी भरतंच. तुम्ही भरत नसाल तर तुमच्या पानावर दिसणारी जाहिरात भरते.

नाशिकमधल्या ज्या छोट्या धंद्यांना वर्डप्रेस लावून दिलेलं मी पाहते, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना त्याची गरज नसते. वर्षातून दोनदा दर बदलायचे असतात, बस.

पायरी २: डोमेन स्वतः घ्या, स्वतःच्या ईमेलने

ही पायरी कुणावर सोपवू नका. पुतण्यावर नाही, डिझायनरवर नाही, माझ्यावरही नाही. मी गिऱ्हाइकाला शेजारी बसवते, त्याच्याच ईमेलने रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, खातं उघडते, ओटीपी त्याच्याच फोनवर घेते आणि पैसे त्याच्याच यूपीआयने भरायला लावते. खात्यात 'रजिस्ट्रंट', म्हणजे डोमेनचा मालक, म्हणून कुणाचं नाव आहे ते उघडून बघा. तोच तुमचा उतारा.

डॉट इन आणि देवनागरीतलं डॉट भारत ही दोन्ही 'निक्सी' या भारतीय संस्थेच्या देखरेखीखाली येतात. डॉट इनचं वार्षिक नूतनीकरण बहुतेक ठिकाणी हजार रुपयांच्या आत बसतं, डॉट कॉम त्याहून थोडं वर. डॉट भारत दिसायला झकास, पण ते एकटं घेऊ नका. गिऱ्हाईक फोनवर पत्ता टाइप करताना कीबोर्ड बदलत बसत नाही. हौस म्हणून दुसरं नाव ठेवा आणि ते मुख्य पत्त्याकडे वळवा.

फुकट डोमेनच्या वाटेला जाऊ नका. 'फ्रीनॉम' नावाची कंपनी वर्षानुवर्षं डॉट टीके, डॉट एमएल, डॉट जीए अशी नावं फुकट वाटायची. फसवणूक करणाऱ्यांनी ती इतकी वापरली की मेटाने तिच्यावर दावा लावला. २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीने डोमेनच्या धंद्यातूनच अंग काढून घेतलं.

होस्टिंगसोबत 'पहिल्या वर्षी डोमेन मोफत' मिळतं, त्यातही मेख असते. दुसऱ्या वर्षीचा दर बघा. वर्षाच्या आत होस्टिंग परत केलंत तर डोमेनचे पैसे कापून घेतात का, तेही बघा. मला विचाराल तर डोमेन एका ठिकाणी आणि होस्टिंग दुसऱ्या ठिकाणी ठेवा. वर्षाला तीन-चारशे जास्त जातील, पण होस्टिंगवाल्याशी बिनसलं तर तुमचं नाव त्याच्या मुठीत नसतं.

आणि आपल्याकडचा खास खड्डा. कार्ड साठवलंय, पैसे आपोआप कटतील, यावर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. आपोआप कपातीसाठी आधी नोंदवलेली परवानगी लागते, कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावं लागतं, आणि १५,००० रुपयांच्या वरच्या रकमेला दरवेळी ओटीपी लागतो. परदेशी कंपनी ही व्यवस्था पाळत नसेल तर पेमेंट मुकाट्याने फेल होतं. मुदत संपल्याची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, एक महिनाभर आधीची आणि एक आठवडाभर आधीची. मुदत उलटल्यावर रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात नाव परत देतो. डॉट कॉमसारख्या नावांना त्यानंतर ३० दिवसांचा 'रिडेम्प्शन' काळ असतो. त्यात नाव सोडवता येतं, पण दंड हजारांत जातो. तोही गेला की नाव बाजारात.

पायरी ३: फुकटाचे प्रकार सारखे नसतात

"फुकट होस्टिंग वाईट" असं सरसकट म्हणणारे बहुधा होस्टिंग विकणारे असतात. प्रकार वेगळे करून बघा.

पहिला प्रकार स्टॅटिक साइट ठेवणाऱ्यांचा: गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस, नेटलिफाय. हे फुकट असूनही दणकट. जाहिरात नाही, स्वतःचं डोमेन जोडता येतं, एचटीटीपीएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, कुलूप आपोआप लागतं. गिटहब पेजेसवर साइटचा आकार १ जीबीपर्यंत आणि महिन्याचा वापर साधारण १०० जीबीपर्यंत चालतो. हिशेब करा: पान २ एमबीचं, रोज हजार माणसं, तीस दिवस. झाले ६० जीबी. चार खोल्यांच्या होमस्टेला रोज हजार माणसं येत असतील तर त्यांनी आधी खोल्या बांधाव्यात. पण अटी वाचा. ऑनलाइन धंदा किंवा ई-कॉमर्स चालवायला गिटहब पेजेस वापरायला मनाई आहे. व्हर्सेल या तशाच सेवेची फुकट 'हॉबी' योजनाही व्यापारी वापरासाठी नाही. म्हणून धंद्याच्या स्टॅटिक साइटला मी क्लाउडफ्लेअर पेजेस सुचवते. तिथे तयार फाइलींच्या वापराला मोजदाद नाही, एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे, आणि साइट महिन्याला ५०० वेळा नव्याने चढवता येते. काकांना वर्षाला चार वेळा लागते.

दुसरा, ब्लॉगर. लोक नाक मुरडतात, पण गूगलने ते २००३ मध्ये घेतलं आणि अजून चालू आहे. स्वतःचं डोमेन फुकट जोडता येतं, फोनवरून लिहिता येतं. द्राक्षबागेतल्या नोंदी, ट्रेकच्या हकिगती, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं पान यांना ते पुरून उरतं. एकच काळजी घ्या: दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. म्हणून साइटसाठी वेगळं उघडलेलं आणि विसरलेलं जीमेल वापरू नका, रोजचंच वापरा.

तिसरा प्रकार ओढून-सोडून साइट बनवणाऱ्यांचा. फुकट योजनेत पत्त्यात त्यांचं नाव आणि पानावर त्यांची पट्टी. स्वतःचं डोमेन जोडायचं म्हटलं की पैसे. शिवाय बाहेर पडताना पानांची मांडणी सोबत नेता येत नाही, फार तर मजकूर निघतो. गाळा सोडताना फर्निचर तिथेच.

चौथा म्हणजे पीएचपी आणि डेटाबेस फुकट देणारे. शिकायला उत्तम. कॉलेजच्या प्रोजेक्टला जरूर वापरा. धंद्याला नको, आणि कारणं नेमकी आहेत. पीएचपीतून मेल पाठवणं बहुधा बंद असतं, म्हणजे चौकशीचा फॉर्म भरला जातो पण तुम्हाला काही पोचत नाही. यंत्रांना अडवायला काही ठिकाणी आधी एक जावास्क्रिप्टची चाळणी लावतात. माणसाच्या ब्राउझरला ती जाणवत नाही, पण व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की फोटो आणि शीर्षक उमटत नाही. त्याच फुकट पत्त्याखाली शेजारी कुणी बँकेचं खोटं पान उभं केलं, तर तुमच्या पानावरही लाल इशारा यायची भीती.

शिवाय फुकटाचा दुकानदार शटर ओढताना परवानगी घेत नाही. १९९४ ला सुरू झालेलं, फुकट साइट देणारं जिओसिटीज याहूने १९९९ मध्ये विकत घेतलं आणि २००९ मध्ये बंद केलं. 'ट्रिपल झिरो वेबहोस्ट' या फुकट होस्टिंगचे सुमारे १ कोटी ३० लाख खात्यांचे पासवर्ड २०१५ मध्ये उघड्यावर आले, तेही साध्या मजकुरात साठवलेले. ती सेवा २०२४ मध्ये संपली. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून दुकानदारांना फुकट मिळायची ती एकपानी साइटही मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी त्या पानाला स्वतःचं डोमेन लावलं होतं, त्यांना ते दुसरीकडे वळवता आलं.

पायरी ४: नव्व्याण्णवची पाटी उलटी वाचा

स्वस्त होस्टिंगच्या पाटीवर मोठ्या अक्षरात दरमहा असतो आणि बारीक अक्षरात मुदत. खालचे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुमच्या समोरच्या पाटीवरचे घालून हाच हिशेब करा.

समजा दरमहा ९९ रुपये, पण ४८ महिन्यांचे एकदम भरायचे. म्हणजे ४,७५२. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ५,६०७. पाचव्या वर्षी नूतनीकरणाचा दर दरमहा ३४९. वर्षाचे ४,१८८, जीएसटीसह ४,९४२. पाच वर्षांची बेरीज १०,५४९, म्हणजे खरा दर महिन्याला १७६ रुपये. हाही काही वाईट नाही! पण ९९ नाही, आणि चार वर्षांचे पैसे तुम्ही पहिल्याच दिवशी दिलेत. दुसऱ्या वर्षी सेवा बिघडली तर पैसे अडकले म्हणून माणूस तिथेच कुढत बसतो. मी पहिल्यांदा एक वर्षाचंच घ्यायला सांगते, दरमहा पन्नास रुपये जास्त पडले तरी.

'अमर्याद' हा शब्द दिसला की 'आयनोड' शोधा. जागा अमर्याद असली तरी फाइलींची संख्या मोजलेली असते, आणि वर्डप्रेस फाइली प्रसवतं. तुम्ही एक फोटो चढवता, ते त्याचे पाच-सहा वेगळ्या मापांचे तुकडे करून ठेवतं. मेलबॉक्समधलं प्रत्येक पत्र हीसुद्धा एक फाइल असते. काही कंपन्या फाइली ठरावीक संख्येपलीकडे गेल्या की तुमचा बॅकअपच घेत नाहीत, आणि ते अटींच्या पानात कुठेतरी खाली लिहिलेलं असतं.

एकाच वेळी किती विनंत्या चालतील, यालाही मर्यादा असते. एरवी कळत नाही. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आदल्या रात्री शेकडो माणसं एकदम त्र्यंबकच्या खोल्या शोधतील, तेव्हा स्वस्त वर्डप्रेसवर 'रिसोर्स लिमिट'चं पांढरं पान दिसेल आणि शेजारची फुकट स्टॅटिक साइट निवांत चालू असेल. गंमत वाटते, पण कारण तेच: चिवड्याची पाकिटं वाटायला वेळ लागत नाही.

एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था साधी प्रमाणपत्रं जगभर फुकट देते. साध्या साइटसाठी त्याचे हजार-दीड हजार लावणारा बाकीच्या गोष्टींतही तसाच असणार.

पॅनेल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पान, कोणतं ते विचारा. सीपॅनेल या नावाजलेल्या पॅनेलने २०१९ मध्ये खात्यांच्या संख्येवर दर लावायला सुरुवात केली, आणि बऱ्याच स्वस्त कंपन्यांनी स्वतःची पॅनेल आणली. ती वापरायला वाईट नसतात. पण सीपॅनेलचा पूर्ण बॅकअप दुसऱ्या सीपॅनेलवर जसाच्या तसा उघडतो, ती सोय इथे नसते.

होस्टिंगसोबत येणाऱ्या ईमेलवर धंदा टाकू नका. एकाच सर्व्हरवर शेकडो भाडेकरू, त्यातल्या एकाने कचरा मेल पाठवले की तुमचं कोटेशनही गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये. सातपूरच्या एका वर्कशॉपची अशी निविदा हुकलेली मी पाहिली आहे. ईमेल वेगळ्या सेवेकडे ठेवा, आणि मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन नोंदी डोमेनमध्ये घालून घ्या.

पैसे भरण्याआधी एक चाचणी. रविवारी रात्री दहा वाजता त्यांच्या मदत-खिडकीत विचारा: "बॅकअप किती दिवसांचे ठेवता आणि परत मिळवायला पैसे लागतात का?" सरळ उत्तर किती वेळात येतं ते बघा. घेण्याआधी एवढा उशीर, तर घेतल्यानंतर काय ते समजून जा.

पायरी ५: सर्व्हर मुंबईत असू दे

नाशिकहून मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या आत. तिथल्या सर्व्हरला हाक मारून उत्तर यायला काही मिलिसेकंद लागतात. अमेरिकेतल्या सर्व्हरला दोनशेच्या पुढे. वरवर नगण्य, पण पान यायच्या आधी जोडणी, कुलूप आणि मागणी मिळून निदान तीन फेऱ्या होतात. म्हणजे पहिलं अक्षर येण्याआधीच पाऊण सेकंदाच्या आसपास गेला. खरेदी करताना 'डेटा सेंटर' निवडायची यादी येते, तिथे लोक वर दिसेल ते निवडून पुढे जातात. मुंबई किंवा भारत निवडा. गिऱ्हाईक परदेशी असेल, जसं युरोपला बेदाणा पाठवणारा पिंपळगावचा निर्यातदार, तर गोष्ट वेगळी.

पायरी ६: मराठी साइटची दोन दुखणी

जागेची काळजी करू नका. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, तरी दोन हजार शब्दांचा लेख चाळीस केबीच्या आसपासच. जागा खातात ते फोटो. फोनमधला चार एमबीचा फोटो १६०० पिक्सेल रुंदीला आणून वेबपी या हलक्या स्वरूपात ठेवला की तो तीनशे केबीच्या आत येतो. एवढं केलंत तर स्वस्तातलं होस्टिंगही पळतं.

दुखणं पत्त्यांचं आहे. लेखाचं शीर्षक मराठीत दिलं की वर्डप्रेस पत्ताही मराठीत करतं. त्यात प्रत्येक अक्षरचिन्हाचं रूपांतर नऊ चिन्हांत होतं, आणि पत्त्याच्या त्या तुकड्याला मर्यादा २०० चिन्हांची. काना, मात्रा, वेलांटी धरून बाविसाव्या चिन्हाला पत्ता तुटतो. 'येवल्याची पैठणी कशी ओळखावी' यातल्या शेवटच्या शब्दाचं 'वी' गळून जातं, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक टक्क्यांच्या खुणांची माळ होते. पत्ता रोमन लिपीत हाताने लिहा. दुसरं, डेटाबेसची अक्षरं साठवायची मांडणी 'यूटीएफ८एमबी४' आहे ना ते तपासा. जुन्या फुकट सर्व्हरवरून मजकूर आणताना ती वेगळी निघाली तर सगळा लेख प्रश्नचिन्हांचा होऊ शकतो.

पायरी ७: आता ठरवा

काकांसारखा होमस्टे, अंबडचं वर्कशॉप, दिंडोरीची द्राक्षबाग: डोमेन विकत, होस्टिंग फुकट स्टॅटिक. वर्षाचा खर्च हजाराच्या आसपास. डिझायनर "वर्डप्रेसच हवं" म्हणाला तर का ते विचारा.

लिहायची हौस असेल तर डोमेन आणि ब्लॉगर.

येवल्याचं पैठणीचं दुकान ऑनलाइन पैसे घेणार असेल, किंवा कॉलेज रोडचा क्लास विद्यार्थ्यांना लॉगिन देणार असेल, तर विकतचंच घ्या. मुंबईचा सर्व्हर, एक वर्ष, रोजचा बॅकअप. पेमेंट गेटवेवाले साइटवर संपर्क, परतावा आणि गोपनीयतेची पानं बघतात, ती आधीच तयार ठेवा. धंदा वाढला की पुढच्या वर्षी वरची योजना घेता येते, त्यासाठी आज चार वर्षांचे पैसे कोंबायची गरज नाही.

पायरी ८: घर बदलायची तालीम

घेतल्यापासून महिन्याभरात एकदा स्वतः बॅकअप उतरवा: फाइलींचं एक फोल्डर आणि डेटाबेसची एक फाइल. तो लॅपटॉपवर उघडतो का ते बघा. न उघडलेला बॅकअप असून नसल्यासारखा.

खरंच हलायची वेळ आली तर आदल्या दिवशी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं त्या नोंदींत, 'टीटीएल' (नोंद किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा) कमी करून ३०० करा, म्हणजे बदल पाच मिनिटांत पसरायला लागतो. नवीन जागी साइट चढवा, पूर्ण तपासा, फॉर्म भरून बघा, मगच नोंद बदला. मेलच्या एमएक्स नोंदींना हात लावू नका, नाहीतर साइट जाईल नव्या घरी आणि पत्रं राहतील रस्त्यात. जुनं होस्टिंग त्याच दिवशी बंद करू नका, आठवडाभर दोन्ही चालू ठेवा. आणि जुन्या होस्टिंगवर मेलबॉक्स असेल तर त्यातली पत्रं आधी उतरवून घ्या. ती साइटबरोबर हलत नाहीत, हे लोकांना जुनं खातं बंद केल्यावर कळतं.